चौदा दातांची कृपा

मैदानात शंभरेक मोटारसायकली ओळीने उभ्या होत्या आणि प्रत्येकीचा मालक उपाशीपोटी उन्हात. चढावबाबांनी हात फिरवला की गाडी खाणीचा चढ ओझ्यासकट हसत चढते, अशी बातमी होती. बातमी खोटी नव्हती. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणून तर डोकं जास्त फिरलं.

"यंत्रालाही जीव असतो, बाळांनो," बाबा सांगायचे. "तो थकतो. त्याचा थकवा मी माझ्या अंगावर घेतो."

अंगावर थकव्याची खूण नव्हती, पोट मात्र पेट्रोलच्या टाकीएवढं होतं. गाडी पडद्याआड जायची, भर दिवसा जनरेटर धडधडायचा आणि अर्ध्या तासाने गाडी बाहेर. वर आज्ञा, वर्षभर तिला पाना लावायचा नाही. लोखंड लागलं की कृपा संपली.

माझा धाकटा गॅसचे सिलिंडर पोचवतो. तोही गाडी घेऊन गेला आणि खूश होऊन परतला.

"आई, लोण्यासारखी चढते."

"आणि सपाटीवर?"

"सपाटीवर ओरडते, पळत नाही. बाबा म्हणाले, वेग म्हणजे अहंकार."

मी चेनकडे पाहिलं. झोळीसारखी लोंबत होती. "ती ताणून घे. उतरून मागच्या चाकात अडकली तर चाक जाम होईल, मरशील."

"वर्षभर पाना नाही," तो म्हणाला आणि जेवून झोपला.

मी दुसरीतून शाळा सोडली. पण तीस वर्षं नवऱ्याच्या गॅरेजात बसून सुटे भाग रॉकेलने धुतलेत. गाडीच्या डाव्या बाजूचं झाकण काढलं, पुढच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन ओढणाऱ्या चकतीच्या, एका दाताला खडू लावला आणि दात मोजले. चौदा. मरण्याआधी नवऱ्याने स्वतः पंधराचं बसवलं होतं. आता चेनही ताणावी म्हणून मागच्या चाकाला पाना लावणार, तोच धाकट्याने येऊन तो हिसकावला. असा पाहत होता, जणू मी घर पेटवत होते.

दुसऱ्या दिवशी मी चौदा दातांचं नवं स्प्रॉकेट घेऊन मैदानात गेले. रांगेत थांबलेल्या एका दूधवाल्याची गाडी सगळ्यांसमोर उघडली, चकती बदलली, चेन ताणली. तो दोन भरलेले कॅन घेऊन चढ चढून आला.

"पुढे एक दात कमी केला की ओढ वाढते, वेग कमी होतो," मी ओरडून सांगितलं. "ज्याला ओझं चढवायचंय त्याने कमी करावा, ज्याला लांब सपाट रस्ता कापायचाय त्याने करू नये. कोण कशी गाडी चालवतो ते बघून मिस्त्री दात ठरवतो. पडद्यामागे ह्यांचा शिष्य तेच करतो, ठोकाठोक ऐकू जाऊ नये म्हणून जनरेटर. आणि घाईत चेन सैल सोडतो."

लोक वाकून आपापल्या चेनकडे पाहू लागले. मला वाटलं, जिंकले.

बाबा शांतपणे म्हणाले, "ह्या माउलीच्या हातून आज मीच काम केलं."

त्यावर चार बायका माझ्याच पाया पडल्या. मागून कोणी विचारलं, "मावशी, तुम्ही कुठल्या वारी बसता?"

मी गर्दीत उभ्या असलेल्या धाकट्याचा दंड धरला. "त्यांना राहू दे. तू तरी चेन ताणून घे."

"सगळ्यांदेखत माझी शोभा केलीस," तो म्हणाला, दंड सोडवून घेतला आणि गाडी काढून गेला.

तिसऱ्या दिवशी खाणीच्या उतारावर चेन उतरली. चाक जाम झालं. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. बाबांनी निरोप धाडला, झाकण काढताना लोखंड लागलं होतं ना, तेच हे. रांग दुप्पट झाली.

धाकटा शुद्धीवर आला तेव्हा मी आणि सून उशाशी होतो. तो छताकडे पाहत म्हणाला, "आई, तू झाकण काढायला नको होतंस." सुनेने मान डोलावली. माझ्याकडे पाहून नव्हे, त्याच्याकडे पाहून.

माझ्या पोटच्या पोराला मी पटवू शकले नाही, तुम्हाला काय पटवणार. तरी सांगते. तुमची गाडी त्या पडद्याआड जाऊन आली असेल, तर झाकणाचे बोल्ट काढा आणि दात मोजा. माझ्यावर विश्वास ठेवू नका, बाबांवरही नको. आणि आजच्या आज चेन ताणून घ्या.