मी सरदाराची नव्हे, काकूंची सायकल

मी एक जुनी सायकल आहे. जुनी म्हणजे अकरा वर्षांची. मित्रांनो, माझं वय नीट लक्षात ठेवा, कारण थोड्याच वेळात तुम्हाला माझं दुसरं वय ऐकू येईल. भले भले चष्मेवाले लोक ते ऐकून माना डोलावून गेले आहेत.

मला राग आलेला आहे, हे आधीच सांगून टाकते. आत्ता या घडीला मला तो व्यक्त करायची रीतसर परवानगी आहे. परवानगी कोणी दिली, ते ओघात येईलच.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये झाला. एकाने चौकट आणली, दुसऱ्याने चाकं बसवली, तिसऱ्याने साखळी चढवली. घंटी बसवणाऱ्या बाईला त्या दिवशी सर्दी होती. ऐन स्क्रू पिळताना तिला शिंक आली आणि माझी घंटी कायमची डावीकडे कलली. मग तपासनीस आला. त्याने घंटीकडे पाहिलं, स्वतःची मान डावीकडे कलवली, "सरळ आहे" म्हणाला आणि मला पास केलं. माणसं ही अशी आहेत, हे मला जन्माच्या दिवशीच कळलं होतं. मी धडा घेतला नाही, ही माझी चूक.

मग मी दुकानात काचेमागे उभी राहिले. काच मला तेव्हापासून आवडत नाही. काचेमागच्या वस्तूला लोक नाक लावून बघतात, पण तिच्या चाकात हवा कोणी भरत नाही.

तिथून मला काकूंनी सोडवलं. काकू पडदे शिवतात. गावातल्या निम्म्या खिडक्या त्यांनी झाकल्या आहेत. त्या उंचीने बेताच्या. दुकानात आल्या, रंग पाहिला नाही, गिअर मोजले नाहीत, सरळ सीटवर बसल्या आणि म्हणाल्या, "पाय टेकतात." एवढ्यावर आमचं जमलं. घरी पोचताच त्यांच्या शाळकरी मुलीने माझ्या मागच्या मडगार्डवर एक पिवळं बदक चिकटवलं. हे बदकही लक्षात ठेवा. त्याने पुढे फार मोठी मजल मारली.

पुढची दहा वर्षं मी सुखात होते. सहा दिवस कापडाचे गठ्ठे वाहायचे आणि रविवारी नदीकाठच्या रस्त्याने लांब फेरी. सोबत टपालबाई. त्यांनी आयुष्यभर सायकलवरून पत्रं वाटली, त्यामुळे चढ आला तरी त्या उतरत नाहीत आणि वाटेतलं प्रत्येक कुत्रं त्यांना घाबरून असतं. रस्ता मोठा गुणी आहे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला गव्हाची शेतं, मध्ये एखादा इतका नम्र चढ की तो संपल्यावरच कळतं की चढ होता. आधी कमानींचा दगडी पूल लागतो, मग किल्ला, मग जुनी जकातीची पडकी चौकी आणि शेवटी टेकडीवर पवनचक्की. तिथे डबा खायचा आणि परत फिरायचं.

या फेरीचा एक नियम होता. घरापासून चौकीपर्यंत कोणी कुरकुर करायची नाही. ऊन, वारा, गुडघे, सुना, जावई, काहीही असो, तोंड बंद. चौकी ओलांडली की मात्र मनसोक्त कुरकुर करायची, ती थेट पवनचक्की दिसेपर्यंत. पवनचक्की दिसली की पुन्हा बंद. टपालबाई म्हणायच्या की पूर्वी चौकीवर मालाची जकात घ्यायचे, आता आपण तिथे तक्रारींचं गाठोडं सोडतो. त्या दोन मैलांत दोघी अशा तुटून पडायच्या की शेतातली बुजगावणीसुद्धा मान खाली घालत असतील. पण पवनचक्कीपाशी पोचताना चेहरे धुतल्यासारखे असायचे.

आता जावयाकडे वळू. काकूंच्या त्याच मुलीचं लग्न किल्ल्यातल्या गाईडशी झालं. मुलगा स्वभावाने चांगला. दोष एकच, त्याला 'माहीत नाही' हे दोन शब्द म्हणता येत नाहीत. कोणी विचारलं की ही खिडकी एवढी लहान का, तर क्षणात सांगतो की किल्ला बांधणाऱ्या सरदाराचा पुतण्या बारीक होता. हा पुतण्या कोण, कुठला, देव जाणे. असे सात पुतणे त्याने आत्तापर्यंत जन्माला घातले आहेत.

एका रविवारी काकू जावयाचं काम बघायला कौतुकाने किल्ल्यात थांबल्या. मला आतल्या चौकात तोफेशेजारी भिंतीला टेकवलं आणि त्याच्या मागून बुरुजाचा गोल जिना चढू लागल्या. जावई म्हणाला, "आई, डोकं सांभाळा." काकूंनी डोकं सांभाळलं आणि पाय मुरगळला. चांगलाच मुरगळला. डॉक्टरांच्या गाडीतून त्यांना घरी नेलं. जाताना त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, तेव्हा जावई म्हणाला, "सायकलची काळजी नको, आई. संध्याकाळी मी स्वतः पोचवतो."

मित्रांनो, ती संध्याकाळ अजून उगवायची आहे.

कारण तेवढ्यात एका पर्यटकाने तोफेकडे बोट दाखवलं आणि ते बोट घसरून माझ्यावर आलं. ही सायकल कोणाची, असं त्याने विचारलं. आता जावयाला उत्तर माहीत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच पक्कं माहीत होतं. पण नुकतंच त्याने वेढा, फितुरी आणि उकळतं तेल सांगितलं होतं. त्या पाठोपाठ 'माझ्या सासूबाईंची' हे त्याला हलकं वाटलं. तो म्हणाला, "सरदाराची."

सरदार वारला त्याला चारशे वर्षं झाली. त्या काळी चाक बैलगाडीला असायचं, नाहीतर कुंभाराकडे. मी श्वास रोखून वाट पाहत राहिले की आता कोणीतरी हसेल. कोणी हसलं नाही. एका गृहस्थाने तर आपण याबद्दल वाचल्याचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी माझ्याभोवती लाल दोरी आली. चौथ्या दिवशी पाटी आली, 'सरदारांची युद्धसायकल, वय चारशे वर्षे'. माझ्या सात गिअरांचा संबंध किल्ल्याच्या सात दरवाज्यांशी जोडला गेला. पाण्याची बाटली अडकवायची जागा दारूगोळ्याची ठरली. घंटी डावीकडे कललेली, कारण शत्रू डावीकडून आला. त्या बिचाऱ्या बाईची सर्दी गेली इतिहासजमा! आणि मडगार्डवरचं बदक? ते सरदाराचं राजचिन्ह. किल्ल्याच्या व्यवस्थापकसाहेबांना ते इतकं पटलं की महिन्याभरात किल्ल्यावरचा सिंहाचा झेंडा उतरला आणि बदकाचा चढला. सिंहाबद्दल मला वाईट वाटतं. आमची दोघांची नोकरी एकाच माणसाने घालवली.

लोकांची रीघ लागली. लोक माझी सीट चोळून डोळ्यांना हात लावायचे. आया मुलांना उचलून म्हणायच्या, बघ, मोठी माणसं किती साधी असायची. एवढं कौतुक मला जन्मात कधी मिळालं नव्हतं आणि एवढी आबाळही. कारण या सगळ्यांत एकाही शहाण्याला वाटलं नाही की हिच्या चाकातली हवा गेली आहे. साखळी लाल झाली, तर जावयाने सांगितलं की ते रक्त आहे.

तिकडे काकूंचं बँडेज सुटलं. डॉक्टरांनी बजावलं की आता रोज पायडल मारा, घोटा फिरता ठेवा, नाहीतर तो आखडेल तो कायमचाच. काकूंनी जावयाकडे माझी चौकशी केली. तो म्हणाला, आणतोच, जरा ऑइल घालायला दिली आहे. पुढच्या आठवड्यात पुन्हा ऑइल. एवढ्या ऑइलमध्ये एखादं जहाज चाललं असतं. टपालबाईंनी स्वतःची सायकल देऊ केली, पण ती उंच. काकूंचे पाय हवेत लोंबकळायचे. नवी घे, असंही त्या म्हणाल्या. काकू म्हणाल्या, "पहिली धडधाकट असताना दुसरी घरात आणू?"

शेवटी एका रविवारी दोघी किल्ल्यात आल्या. टपालबाई सायकल हातात धरून चालत आणि काकू लंगडत. तिकीट काढून, दोरीच्या बाहेर गर्दीत उभं राहून, काकूंनी स्वतःच्याच सायकलचा चारशे वर्षांचा इतिहास ऐकला. जावयाचं लक्ष त्यांच्याकडे गेलं आणि तो युद्धाच्या मधोमध अडखळला. मला वाटलं, आता काकू बोलणार. पण त्या गप्प राहिल्या. चारचौघांत जावयाला खोटं पाडायचं म्हणजे लेकीला मान खाली घालायला लावायची. त्यांनी ओठ आवळले आणि परत फिरल्या. मी घंटी वाजवायचा खूप प्रयत्न केला. मित्रांनो, आम्हाला स्वतःहून वाजता येत नाही, ही आमच्या जातीची मोठी शोकांतिका आहे.

आणि मग कळलं की मला काचेच्या पेटीत ठेवणार. पेटी सोमवारी यायची होती, चारही बाजूंनी कायमची बंद होणारी. तिचं थाटात अनावरण करायचं म्हणून वर मखमली आच्छादन हवं होतं. व्यवस्थापकसाहेबांनी सायकलचं माप घेऊन जायला गावातल्या उत्तम पडदेवालीला बोलावणं धाडलं. त्या बिचाऱ्यांना काय कल्पना!

रविवारी भर गर्दीच्या वेळी काकू आल्या. खांद्यावर भली मोठी पिशवी, मागे मदतनीस म्हणून टपालबाई. माप घेताना धूळ उडेल, असं सांगून काकूंनी माझ्याभोवती आडवा पडदा धरायला लावला. एक टोक टपालबाईंनी धरलं, दुसरं जावयाच्या हातात दिलं. पडद्याच्या बाहेर पन्नास पर्यटक आणि पडद्याच्या आत काकू आणि मी. काकूंनी पिशवीतून टेप काढली, बाजूला ठेवली आणि पंप काढला.

फुस्स. फुस्स. कित्येक महिन्यांनी माझ्या पोटात अन्न गेलं.

"हा आवाज कसला?" बाहेरून कोणीतरी विचारलं.

"जुने दगड आहेत," जावई म्हणाला. "ऊन चढलं की श्वास घेतात." मग त्याने पडद्याआड मान घातली आणि त्याचा चेहरा पडद्यासारखाच पांढरा पडला. "आई, काय करताय तुम्ही?"

"माप घेतेय." फुस्स.

"आई, मी आणून देणारच होतो. पण आता सगळं फार पुढे गेलंय हो. बदक तिकिटावर छापलंय."

काकूंनी मागच्या चाकाचं झाकण पिळून घट्ट केलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "जावईबापू, माझी मुलगी तुमच्याकडे सुखात आहे. म्हणून चारचौघांत मी तुम्हाला कधी खोटं पाडणार नाही. पण उद्या ही पेटीत गेली की माझा पायही तिच्याबरोबर पेटीत गेला. आता एकच सांगा. ही सायकल कोणाची?"

गप्प बसलेला जावई मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मग आम्हा दोघींपुरतं ऐकू येईल इतक्या हळू म्हणाला, "तुमची."

"मला माहीत आहे. त्यांना माहीत नाही," काकू म्हणाल्या आणि हेल्मेटचा पट्टा लावला. "सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. पडदा मात्र सोडा."

क्षणभर पडदा थरथरला. मग खाली पडला.

लोकांनी पाहिलं तर युद्धसायकलवर एक बुटक्या बाई बसल्या होत्या आणि त्यांचे पाय जमिनीला टेकत होते. टपालबाईंनी दोरीची गाठ सोडली. काकूंनी दुखऱ्या पायाने पायडल दाबलं. घोटा कुरकुरला, साखळी कुरकुरली आणि दोघी एकदम सुटलो. चौक, कमान, दरवाजा, खंदकावरचा लाकडी पूल! मागून कोणीतरी ओरडून विचारलं, "अहो, या कोण?"

खंदकावर आवाज घुमतो, म्हणून उत्तर मला स्पष्ट ऐकू आलं. "माझ्या सासूबाई. सायकल त्यांचीच आहे. सरदाराचं सगळं मी बनवून सांगितलं. पुतणेसुद्धा."

आणि मग, मित्रांनो, टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना तो खेळाचाच भाग वाटला. नंतर टपालबाईंनी सांगितलं की व्यवस्थापकसाहेबांनी जावयाची पाठ थोपटली आणि दर रविवारी हे असंच करा म्हणाले.

माझा राग आहे तो इथे. पेटी आली, तिच्यात आता काहीच नाही, आणि लोक त्या काहीच-नाहीचे फोटो काढतात. पाटी आहे, 'येथे सरदारांची युद्धसायकल होती'. झेंड्यावर बदक आहे. जावई हल्ली प्रत्येकाला खरं तेच सांगतो आणि विनोदी गाईड म्हणून त्याचं नाव झालं आहे. चारशे वर्षांची थाप एका दमात पचवणाऱ्यांना एक सासू पचत नाही.

जावयाशी मात्र मी आता बरी वागते. शनिवारी तो घरी येऊन माझी साखळी पुसतो, खरोखरचं ऑइल घालतो, चाकं दाबून बघतो. परवा काकूंनी विचारलं, यंदा पाऊस लांबेल का हो? त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. घाम आला त्याला. म्हणाला, "माहीत नाही, आई." काकूंनी त्याला आणखी एक वाटी खीर वाढली.

काकूंचा घोटा आता छान फिरतो. किल्ल्याखालून जाताना त्या माझी वाकडी घंटी दोनदा वाजवतात आणि वरचं भाषण मधेच अडखळतं.

मित्रांनो, तुम्हाला एवढंच सांगणं आहे. आमचं कौतुक नका करू, हवा भरा. आम्हाला भिंतीला टेकवून 'संध्याकाळी आणतो' म्हणू नका. म्हणालात, तर त्याच संध्याकाळी आणा. आणि कोणी काही विचारलं आणि येत नसलं, तर 'माहीत नाही' म्हणा. त्याने कोणी मरत नाही. इकडे एक सायकल आणि एक सिंह मरता मरता वाचले. सिंह तर वाचलाही नाही.

अजून पुष्कळ बोलायचं होतं. सीट चोळणाऱ्यांबद्दल तर मी अजून सुरुवातही केलेली नाही. पण चौकी केव्हाच मागे पडली, वळण संपलं आणि समोर टेकडीवर पवनचक्की दिसू लागली आहे. काकू गप्प झाल्या, टपालबाई गप्प झाल्या.

नियम तो नियम.