चारी कोपरे शाबूत

मी एक जुनी काथवट आहे. मित्रांनो, तुमच्या घरी पितळेची परात असेल, म्हणून आधीच सांगते. काथवट म्हणजे भाकरीचे पीठ मळायचे लाकडी भांडे. परातीसारखी मी चकचकीत नाही आणि हातातून पडले तर खणखण आवाजही करत नाही. पण पितळेला डाग धरून ठेवता येत नाही, मला येतो. माझ्या तळाशी उजव्या अंगाला एक निळा डाग आहे. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

पोलादपूरच्या वरच्या डोंगरात आमची वाडी. तिथल्या एका पडलेल्या फणसातून येसाजी सुताराने मला कोरले. चार दिवस तो वाकसाने माझे पोट खरवडत होता आणि लाकूड चिवट आहे म्हणून मला शिव्या देत होता. मग भागोजीच्या लग्नात मी त्याच्या घरी आले. भागोजीची बायको साळूबाई. तिने माझ्यात बारा वर्षे नाचणी मळली. तिच्या भाकरीला वाडीत नाव होते आणि त्यातला थोडा मान माझाही होता, असे मी अजून मानते. पण एका उन्हाळ्यात मला भेग पडली. फुटक्या भांड्यात अन्न मळू नये म्हणतात. साळूबाईने मला उचलले आणि अंगणातल्या फणसाखाली नेऊन ठेवले. त्या दिवशी मला फार वाईट वाटले. कोंबड्या माझ्यात बसू लागल्या, यापेक्षा आणखी काय सांगू?

भागोजी मुंबईत पुस्तके बांधण्याच्या कारखान्यात कामाला होता. वर्षातून एकदा, शिमग्याला, तो घरी येई. त्या वर्षी पळसाच्या फुलांचा रंग कालवायला भांडे हवे होते. त्याने राळ वितळवून माझी भेग बुजवली, कोंबड्यांना हाकलले आणि मला रंगाने भरले. त्याची मुलगी आवडी तेव्हा नऊ वर्षांची होती. बापाने तिच्यासाठी कारखान्यातल्या कोऱ्या कागदांची कात्रणे आणली होती. खेळता खेळता त्यातले एक तिच्या हातून माझ्यात पडले. तिने ते बाहेर काढले, तेव्हा त्यावर केशरी ढग उतरलेले होते.

"बा, ह्ये बघ!"

भागोजीने कागद उन्हात धरला. "आवडे, आमच्या कारखान्यात असा कागद वह्यांच्या पुठ्ठ्यावर डकवतात. अबरी म्हणतात त्याला. लांबून लांबून येतो गो तो. आन तू हितं अंगणात केलास."

झाले. त्या दिवसापासून माझी पेन्शन संपली. आवडीने माझ्यात काय काय कालवले, देव जाणे. हळद, गेरू, शेंदरीच्या बिया. हळदीत चुना टाकला की लालभडक रंग होतो, हे कळल्यावर तर तिने आईचा चुन्याचा डबाच पळवला. काजळ करंजेलात खलून ती थंड पेजेवर थेंब सोडी. ते थेंब तरंगत पसरले की काडीने त्यांना वळणे देई आणि वरून अलगद कागद टेकवी. कागद गवतावर वाळत पडत, त्यांच्या कोपऱ्यांवर ती दगड ठेवी, आणि ओल्या रंगातून एखादी कोंबडी चालत गेली तर तिला ओरडायच्या ऐवजी आणखी एकदा चालवी. हात कोपरापर्यंत रंगलेले, केसांत पेज. साळूबाई म्हणे, "कार्टे, तुला धुवायची का पिळायची?" आणि हसू दाबत चुलीकडे जाई. मी इतकी सुखी भाकरीच्या दिवसांतही नव्हते.

एकच रंग तिला मिळत नव्हता, निळा. तो तिला सापडला बापाच्या पत्रात.

भागोजीला लिहिता येत नव्हते. कारखान्यातला एक कारकून त्याचे पत्र लिहून देई, निळ्या शाईने. खाली भागोजी छापखान्याची तेलकट काळी शाई लावून आपला अंगठा उठवी, म्हणजे घरच्यांना कळावे की पत्र त्याचेच आहे. घरात वाचता कोणालाच येत नव्हते. पंधरा दिवसांतून एकदा खालून सहदेव गुरुजी येत, ते वाचून दाखवत. वाचलेले पत्र साळूबाई वळचणीत खोवून ठेवी आणि मग ते आवडीचे होई. तिने एक जुने पत्र माझ्यातल्या पाण्यात बुडवले. निळी शाई सुटली, कागदभर पसरली, आणि मधोमध बापाचा काळा अंगठा मात्र जसाच्या तसा राहिला. तेलाची शाई पाण्याला दाद देत नाही. आवडी त्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून बराच वेळ बसली होती.

मित्रांनो, आमच्याकडे एक रीत आहे. कोणी मेल्याची खबर द्यायची असेल तर पत्राचा कोपरा फाडून पाठवतात. म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्यालाही हातात घेताच कळते. रीत चांगलीच आहे. पण कोपरा फाटलेला नसला म्हणजे सगळे ठीक आहे, असे रीत सांगत नाही. ते माणसांनी आपल्या मनाने जोडले.

पौषात एक पत्र आले. शेजारच्या बनुबाईने ते पोलादपूरच्या बाजारातून आणले. साळूबाईने हात पुसले, कागद उलगडला, एकेका कोपऱ्यावरून बोट फिरवले आणि म्हणाली, "चारी कोपरे शाबूत. समदं बरं हाय." पत्र तिने वळचणीत खोवले. गुरुजी यायला अजून दहा दिवस होते.

तेवढ्यात आवडी गवताचा भारा घेऊन आली. "आये, बाचं पत्र आलं?"

"आलं. समदं बरं हाय."

आवडीला वाटले, पत्र वाचून झाले. तिला कोणी खोटे सांगितले नव्हते. साळूबाईही खोटे बोलली नव्हती. मी मात्र त्या दोघींचे बोलणे ऐकत फणसाखाली पडून होते, आणि मला तोंड नव्हते.

दुसऱ्या दिवशी आवडीने ते पत्र माझ्यात सोडले. या वेळी खाली दोन अंगठे होते. पहिला फरफटलेला, म्हणून शेजारी दुसरा. तिला ते फार आवडले. अक्षरे सुटू लागली. एकेक ओळ आधी जाड झाली, मग फिकट झाली, मग नुसते निळे पाणी. तिने कडेने हळदीचे थेंब सोडले. तेवढा सुंदर कागद तिने आधी कधी केला नव्हता. राळेने बुजवलेल्या भेगेशी ते निळे पाणी साचून राहिले आणि माझ्यात मुरले.

गुरुजी आले तेव्हा पत्राची शोधाशोध झाली. साळूबाई थोडी रागावली. "न वाचताच बुडवलंस?" मग स्वतःच म्हणाली, "जाऊ दे. कोपरे मी बघितले व्हते. बरं हाय म्हणूनच लिवलं असंल." त्याच आठवड्यात वाडीतला कोंडाजी कामासाठी मुंबईला निघाला. दासगावच्या बंदरातून मचव्याने जायचे, पुढे आगबोट. आवडीने तो कागद केळीच्या पानात गुंडाळून त्याच्या हाती दिला. "बाला दे. म्हणावं, निळा रंग गावला."

कोंडाजी आठ-दहा दिवसांतच परत आला, भर दुपारी. आवडी मला उपडी घालून फणसामागे घासत होती. ती त्याला दिसली नाही. साळूबाई ओटीवर होती.

"वयनी," कोंडाजी म्हणाला, "भागोजी गेला. पौषापासून ताप व्हता. त्यानं पत्र धाडलं व्हतं, मी आजारी हाय, पोरीला घेऊन ये, एकदा डोळ्यांनी बघू दे. रोज इचारायचा म्हणं, आगबोट आली का? मंग इचारायचंच सोडलं. म्हणायचा, साळूला येवढा कसला राग?"

साळूबाईने वर वळचणीकडे पाहिले.

"मी गेलो त्या दिवशी त्याला कागद दिला. त्यानं त्ये दोन अंगठे बघितले. म्हणाला, कोंडाजी, ह्ये माझंच पत्र. हात थरथरला म्हणून दोनदा उठवला व्हता. आन हसला, वयनी. म्हणाला, मंग येतील कशी? पोरीनं रंगावलं. मी उगाच रागावलो." कोंडाजीने उपरण्याने तोंड पुसले. "मी म्हटलं, उद्याच निघतो, घेऊन येतो. पण सकाळ झाली आन तो नव्हता. कागद त्याच्या छातीवर ठेवून अग्नी दिला. त्याचं एकच सांगणं व्हतं. कसला कागद रंगावला, त्ये पोरीला कळू देऊ नको."

आवडीचे दोन्ही हात माझ्या पाठीवर होते. ते हलले नाहीत.

संध्याकाळी साळूबाईने तिला जवळ घेतले आणि सांगितले, "बा तापानं गेला. येका दिसात गेला. कुणाला कळवाया येळच नाय मिळाला." आवडीने मान हलवली.

त्यानंतर तिने माझ्यात रंग कालवला नाही. साळूबाई एकदा आपणहून हळद घेऊन आली, म्हणाली, "कर की गो कायतरी." आवडी म्हणाली, "आता मोठी झाले मी." ती तेव्हा अकरा वर्षांची होती. मात्र गुरुजी येत त्या दिवशी ती त्यांच्यापुढे जाऊन बसू लागली. माझ्यात राख पसरून तिने बोटाने मुळाक्षरे गिरवली. दोन वर्षांत ती वाडीतली पत्रे वाचू लागली. पत्र हातात आले की ती कोपऱ्यांकडे बघत नसे. उभ्या उभ्या पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून काढी, मगच बसे.

तिचे लग्न होऊन ती शिवथरला गेली. आता साळूबाई एकटी असते आणि माझ्यात लाकडाच्या ढलप्या ठेवते. परवा बनुबाई आली होती. बोलता बोलता साळूबाई म्हणाली, "माझ्या हातनं घडू नये त्ये घडलं. पण आवडीला कदी कळलं नाय, येवढं देवानं बरं केलं."

मी ऐकले. आवडीही गेल्या शिमग्याला आली होती, तेव्हा माझ्या निळ्या डागावर अंगठा ठेवून हळूच म्हणाली होती, "आयेला ठाव नाय की मला म्हाईत हाय, त्येच बरं."

मित्रांनो, दोघींचे मी ऐकते आणि एकीचे दुसरीला सांगू शकत नाही. तुम्हांला तोंड आहे आणि तुम्ही शाळेत जाता. तुमच्या घरी कागद आला तर तो शेवटपर्यंत वाचा. वाचता न येणारे कोणी शेजारी असेल तर त्याच दिवशी जाऊन वाचून द्या, दहा दिवस थांबू नका. मग हवे तेवढे रंग खेळा. आणि कधी आमच्या वाडीला आलात, तर साळूबाईच्या अंगणात थोडे बसा आणि आवडीला सगळे माहीत आहे, एवढे तिला सांगून जा. दोघी मिळून एकदा रडतील तरी.