दोन्ही पायांचं माप

साचेवालीने कात्रीचं बोथट टोक प्लास्टरखाली सारलं आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत साचा अलगद चिरला. आतला पाय धडधाकट निघाला. तरुणाने बोटं हलवून पाहिली, तिच्याकडे बघून हसला आणि दुसराही पाय पुढे केला.

"हासुद्धा?" तिने दाराशी उभ्या असलेल्या मुकादमाला विचारलं.

"दोन्ही. वरून तसंच आलंय."

कृत्रिम पायांच्या या कारखान्यात माप नेहमी उरलेल्या पायावरून घेत. गेलेल्याचं घेणार कुठून? आधी शेजारच्या देशातले जखमी येत. लढाई त्यांची, आपला फक्त शेजारधर्म, असं सगळेच म्हणत आणि साचेवालीलाही ते मनापासून पटे. मग आपल्याकडचे ट्रकवाले येऊ लागले. पलीकडे धान्य पोचवताना अपघात झाला, असं सांगत. कसला अपघात, हे कुणी खोदून विचारलं नाही. आणि आज ही रांग. यातल्या एकालाही काही झालेलं नव्हतं. पोरं एकमेकांना टपल्या मारत होती आणि मागच्या फळीवर त्यांचेच पांढरे पाय ओळीने वाळत होते.

"म्हणजे उतरलो का आपण लढाईत?" तिने मुकादमाला विचारलं.

"छे हो! नुसती खबरदारी. आयत्या वेळी धावाधाव नको," मुकादम म्हणाला आणि पोरांना न्यायला आलेल्या ट्रककडे गेला.

पुढचा मुलगा बाकावर येऊन बसला. तो तिचाच होता.

"मला बोलला नाहीस."

"उगाच जिवाला घोर लावून घेतला असतास. पुलाच्या डागडुजीला चाललोय, आई. जाऊन येतो." त्याने पँट गुडघ्यावर गुंडाळली. "आवर ना. सगळे थांबलेत."

तिने त्याचा पाय मांडीवर घेतला. तळवा गरम होता. मान खाली घालून ती प्लास्टर कालवत राहिली.

प्लास्टर लावण्याआधी कातडीला तेल चोपडावं लागतं, नाहीतर ते केसांना धरून बसतं, सुटता सुटत नाही. इतक्या वर्षांत ती हे कधी विसरली नव्हती. आजही विसरली नाही. तेलाची बाटली तिने टाचेने बाकाखाली सरकवली आणि ओल्या पट्ट्या गुंडाळायला घेतल्या. एक पाय झाला, दुसरा झाला. मग तिने दोन्ही जवळ आणले आणि तान्ह्या बाळाला दुपट्यात बांधावं तसे एकत्र बांधत गेली, थरावर थर.

बाहेर ट्रकचा भोंगा वाजला. माप दिलेली पोरं दाराकडे पळाली.

"आई, पाय हलत नाहीयेत गं."

"ओलं आहे अजून," ती म्हणाली आणि पुढची पट्टी पाण्यात बुडवली.