अकबरभाईंनी ठेवलेलं ऊन

मित्रांनो, मी एक जुना छज्जा आहे. विश्रांतवाडीतल्या एका बैठ्या घराच्या दक्षिणेकडच्या खिडकीवर माझं उभं आयुष्य गेलं.

अकबरभाईंनी हे घर बांधलं, तेव्हा आजूबाजूला बाजरीची शेतं होती. मला ओतण्याआधी ते एकदा थंडीत आणि एकदा उन्हाळ्यात, भर दुपारी, मोकळ्या जागेत काठी रोवून तिची सावली पाहत बसले. घर रखडलं, त्यांच्या पत्नी रझियाबी वैतागल्या. शेवटी मी झालो तो अगदी आखूड. शेजारच्या सर्जेरावांनी मान वर करून विचारलं, "सिमेंट संपलं का, अकबरभाई?"

"आपण थंडीत चहाला या," एवढंच ते म्हणाले.

मे महिन्यात डोक्यावरून जाणारं ऊन मी खिडकीबाहेरच अडवत असे. थंडीत मात्र सूर्य खाली उतरला की ते माझ्याखालून थेट रझियाबींच्या पलंगापर्यंत येई. सर्जेराव थंडीत चहाला आले, त्या उबेत बसले आणि उठायचं नाव घेईनात.

पुढे अकबरभाई गेले. रझियाबींचे गुडघे धरू लागले. दुपारचं ऊन पायांवर घेत त्या गोधडी शिवत बसत. मुलगा मुनव्वर मोठा मायाळू. त्याला वाटलं, सावली मोठी तर गारवाही मोठा. अम्मीला उन्हाळा जाणवू नये म्हणून त्याने माझ्यापुढे लांबलचक पत्रा ठोकला.

थंडी आली आणि ऊन पत्र्यावरच थांबलं. फरशी गारठली. रझियाबींचे पाय आखडले, गोधडी अर्धीच राहिली. मुनव्वरने औषधं आणली, हीटर आणला. पण वर बघायचं कोणाला सुचलं नाही. मला फार वाईट वाटे.

एका दुपारी रझियाबींनी पलंगावरून हात फिरवला. "मुनव्वर, तुझे अब्बा इथे ऊन ठेवून गेले होते. ते कुठं गेलं रे?"

मुनव्वर खिडकीशी आला. त्याने वर पाहिलं आणि शिडी आणली.

पत्रा उतरला, तसं ऊन पलंगावर आलं. रझियाबींनी सुई ओवायला घेतली. मुनव्वर बराच वेळ त्यांच्या पायांशी बसून राहिला.

मित्रांनो, घर बांधाल किंवा वाढवाल, तेव्हा आधी ऊन कुठून येतं ते बाहेर उभं राहून पाहा. जुन्या माणसाने काही आखूड ठेवलं असेल, तर का ठेवलं ते विचारा. मी अकबरभाईंचा ऋणी आहे. त्यांनी मला आखूड ठेवलं, म्हणूनच त्यांच्या माघारी दर थंडीत त्यांचं ऊन मला रझियाबींपर्यंत पोचवता येतं.