मोहोरेचा गोफ

वल्लरीच्या डाव्या हाताची करंगळी जानेवारीत थरथरायला लागली, तेव्हा तिने जर्मनीतल्या कोलोनच्या थंडीला बोल लावला. उन्हं आली, आणि करंगळीच्या जोडीला अनामिकाही थरथरू लागली. न्यूरोलॉजीच्या डॉक्टरीणबाईंनी ‘पार्किन्सन’ हा शब्द फार हळुवारपणे उच्चारला. वल्लरीने मान हलवली, पुढची टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, घेतली आणि घरी येऊन मुकाट्याने भात लावला. नवऱ्याला, मयुरेशला, तिने काही सांगितलं नाही.

कामावर सांगायची तर सोयच नव्हती. तिचं कामच बोटांवर चाललेलं. वडील पुण्यात पटवेकरी होते, दागिने रेशमात ओवून द्यायचे. त्यांची बोटं हिच्यात उतरली होती, आणि त्यांच्याच जोरावर ती इथल्या एका वस्त्रसंग्रहालयात जुने गोफ नव्याने विणायचं काम करत होती. यंदा तिच्याकडे मध्ययुगातल्या एका सनदेचा गोफ आला होता. मेणाची मोहोर ज्याला लटकवतात तो, लाल-पिवळ्या रेशमाचा. मूळ गोफ पार विरला होता. प्रदर्शनात त्याच्या शेजारी तिचा ठेवायचा होता.

त्या काळी युरोपात असा गोफ नुसत्या हातांवर विणत. एक टोक खुंटीला बांधायचं, दोऱ्याचे फासे दोन्ही हातांच्या बोटांत अडकवायचे, आणि एका हाताच्या बोटाने दुसऱ्या हातावरचा फासा ओढून घ्यायचा. मग हात फाकवून वीण आवळायची. सगळा ताण बोटांचा. बोट थरथरलं की वीण सैल, फासा निसटला की केलेलं सगळं उसवायचं.

वल्लरी रोज उसवत होती. दार लावून विणायची, दार लावूनच उसवायची. एकदा तर तिने करंगळी दातांखाली धरून इतकी चावली की रक्त आलं. करंगळी तरीही थरथरतच राहिली.

शेवटी तिला गोफ विणायची जपानी घोडी आठवली. लाकडी गोल तबकडीची, कडेने वजनदार रिळं लोंबणारी. त्या विणीत ताण रिळांची वजनं धरतात, बोटांनी फक्त दोरे इकडचे तिकडे ठेवायचे. थरथरत्या हातालाही ते जमतं. तिने त्या घोडीवर मोहोरेचा गोफ हुबेहूब उतरवला आणि हातांवरचा म्हणून फ्राऊ केस्टरपुढे ठेवला.

फ्राऊ केस्टर कार्यशाळेच्या प्रमुख. हातांवरची वीण त्या वल्लरीकडूनच शिकल्या होत्या. त्यांनी गोफ नखाखालून सरकवत पाहिला.

“आल्झो, म्हणजे... बोटांचा ताण इतका एकसारखा नसतो, वल्लरी. हा वजनांचा आहे.”

“हातांवरच केलाय.”

“मग माझ्यासमोर वीतभर विणून दाखवाल?”

वल्लरीने फासे अडकवले. पहिल्या फेऱ्यालाच करंगळीवरचा निसटला. तिने तो उचलला, तर अनामिकेवरचा गेला. फ्राऊ केस्टरची नजर तिच्या हातावरून हलेना. वल्लरी रेशीम तसंच टाकून बाहेर पडली.

घरी मयुरेशने नुसतं “लवकर आलीस?” एवढंच विचारलं आणि तिचा बांध फुटला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“एवढे महिने एकटीच फिरलीस डॉक्टरांकडे?”

“सांगून काय झालं असतं? हात थांबला असता?”

“मला शिकव. तू सांग, मी विणतो.”

तिने दाराच्या कडीला दोरा बांधला, त्याच्या जाड बोटांत फासे अडकवले. त्याने पहिलाच फासा उलटा ओढला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा सगळ्याचा गुंता झाला.

“अरे, खालून! खालून घे ना!” ती ओरडली, आणि कात्री घेऊन तिने सगळे दोरे कापून टाकले. मयुरेश कापलेले दोरे बोटांत घेऊन तसाच उभा राहिला.

“तुझं चुकत नाहीये रे,” ती खाली बसत म्हणाली. “मी मेले तरी चालेल, पण हे हात नकोत जायला. मला दुसरं काही येत नाही.”

मयुरेशने हातातले दोरे खाली ठेवले. तो तिच्याशेजारी फरशीवर बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी तिने फ्राऊ केस्टरना आजाराचं नाव सांगितलं आणि खोटं बोलल्याची माफी मागितली. बाईंनी लाल-पिवळं रेशीम काढलं आणि फासे स्वतःच्या बोटांत अडकवले.

“लांब गोफाला दोघं लागतात. एकाने विणायचं, दुसऱ्याने खुंटीपाशी बसून पट्टीने वीण ठोकायची. तुम्हीच शिकवलंत. याल?”

खुंटीपाशी नवशिक्याला बसवतात. नाही म्हणावं, कोट उचलावा आणि परत या दारात पाऊल ठेवू नये, असं वल्लरीला वाटलं. पण घरी जाऊन करायचं काय, हेही तिला दिसेना. ती खुंटीपाशी बसली. लाकडी पट्टी उजव्या मुठीत घट्ट धरली, डावा हात मांडीखाली दाबला.

फ्राऊ केस्टरनी फासा ओढला, हात फाकवले. वल्लरीने पट्टी ठोकली.

“सैल आहे,” ती म्हणाली. “पुन्हा घ्या.”

बाईंनी पुन्हा घेतला. मांडीखाली हात थरथरतच होता.