शेंदराखालचा कॅमेरा

माझ्यापुढे येऊन माणसं हात जोडतात, पण माझ्याशी बोलत कोणी नाही. मी देव नाही हो! मी एक कॅमेरा आहे. जंगलात झाडाला पट्ट्याने बांधतात आणि समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढतो, तो कॅमेरा.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. खोक्यातून बाहेर आलो तो कोडोलीत, दीक्षाच्या हातात. दीक्षा कोल्हापुरात प्राणिशास्त्र शिकलेली. पन्हाळ्यापलीकडचे डोंगर ती एकटी पायी फिरते. कुठला झरा उन्हाळ्यात टिकतो, कुठल्या कपारीत साळिंदर राहतं, हे बघण्यात तिचं सगळं आयुष्य चाललंय. तिचे वडील गणपती कागलच्या एमआयडीसीत कामाला. पहिल्याच दिवशी मला बघून म्हणाले, "एवढी शिकलीस आन् झाडाला डबं बांधत फिरनार व्हय? परीक्षा दे की गप!"

"पप्पा, सगळेच साहेब झाले तर डोंगर कोण बघायचा?"

"डोंगर कुठं पळून चाललाय?"

चालला होता. पप्पांना ते माहीत नव्हतं, एवढंच. एका वाडीच्या वरचा सडा, म्हणजे कातळाचं मोठं पठार, रिसॉर्टला द्यायचा ठराव ग्रामसभेपुढे येणार होता. "तिथं हाय काय? दगूड आन् ससं!" असं वाडीचे पुढारी सयाजी आबा सांगत फिरत होते. दीक्षाने तिथे अस्वलाच्या पंजांचे ठसे पाहिले होते. पण मोठ्या माणसांना पोरीचा शब्द पुरत नाही. फोटो हवा होता. म्हणून सड्याच्या कडेला असलेल्या देवराईत तिने मला हिरड्याच्या खोडाला बांधलं.

एकटेपणा कळायला स्वतःला झाडाला बांधून घ्यावं लागतं. दीक्षा अधूनमधून बॅटरी बदलायला यायची. माझ्यासमोर बसून भाकरी खायची आणि बोलायची. "मैत्रिणी विचारतात, एकटीला भीती वाटत नाही का? जनावरांची वाटत नाही म्हटलं की हसतात. आता फोनही करत नाहीत रे." ती गेली की वाऱ्याने हललेल्या पानाचाही मी फोटो काढायचो. काहीतरी हललं, तेवढंच बरं वाटायचं.

आणि एका सकाळी अस्वल आलं. पाठीवर पिल्लू! आईने वारूळ फोडलं, पिल्लाने तिचे केस घट्ट धरून माझ्याकडे टकामका पाहिलं. मी फोटोमागून फोटो काढले. दीक्षा कधी येते, असं झालं मला.

तिच्याआधी वाडीतली माणसं आली. देवराईच्या पूजेचा दिवस होता.

"आरं, डोळा हाय की हेला!" सयाजी आबा ओरडले. "देवानं डोळा उघडलाय!"

मागची तरणी पोरं कुजबुजली, "आबा, क्यामेरा असंल त्यो."

"तुमास्नी लय कळतंय! गप ऱ्हावा."

झालं. थोरल्यांनी एकदा म्हटलं की विचारायचं कोणी? आबांनी माझ्या काचेवर शेंदूर थापला. देवाला डोळा आहे म्हणाले, आणि तोच डोळा बुजवला!

दीक्षा आली तेव्हा आबा वाटेतच उभे. "थांब पोरी. ह्या राईतली वाळकी काडी बी भाईर जात न्हाय. आन् देवाला तुजा हात? तुमी लोकं तर देव मानत न्हाय की."

"मानत नाही, म्हणूनच सांगते. हा कॅमेरा आहे. माझा आहे. आणि हाताचंच म्हणत असाल, तर चला पोलिसांत."

तिने माझ्या पट्ट्याला हात घातलासुद्धा. तेवढ्यात अंबूबाई पुढे आली. वाडीत दीक्षा तिच्याच घरी उतरायची. "नगं गं बाय. तू जाशील कोडोलीला. मला हितंच ऱ्हायाचं हाय. उद्यापास्नं पान्याला बी येऊ द्यायची न्हाईत मला."

स्वतःसाठी दीक्षा कोणाला भ्याली नसती. तिने हात मागे घेतला.

तेव्हापासून नारळाचं पाणी अंगावरून ओघळतं, मुंग्या चढतात. समोरून कोण गेलं ते दिसत नाही. बोलायला कोणीच नाही.

आज ग्रामसभा. कर्ण्याचा आवाज इथवर येतोय. आबा गरजतायत, "अस्वल हाय म्हंती. पुरावा कुठं हाय?"

"आहे," दीक्षाचा आवाज. "राईतलं वारूळ फोडलेलं मी पाहिलंय. फोटो, तुम्ही शेंदूर फासलाय त्या कॅमेऱ्याच्या पोटात आहे. माझा हात चालत नाही ना? मग तुमच्या हातानं काढा. नाहीतर भ्यालो म्हणून सांगा सभेला!"

कर्ण्यातून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

आता पायवाटेवर पायताणांची करकर ऐकू येतेय. कोणीतरी माझ्यासमोर थांबलंय. धाप लागलीय, म्हाताऱ्या माणसाची. शेंदरातून चेहरा दिसत नाही मला.

आबा, तुम्ही आहात ना? आज हात जोडू नका. ते माझ्या पाठीमागे न्या आणि पट्टा सोडा. माझ्या पोटात एक आई आहे, लेकरू पाठीवर घेतलेली. तिला सभेत घेऊन चला.