ज्यानं मारलं, त्यानंच उठवावं

मी काळदंष्ट्र बोलतोय. घाबरू नका, चावत नाही. माझे सुळे फायबरचे आहेत, आणि त्यातला डावा किन्हीराजा गावाच्या अलीकडच्या खदानीत पडला तो तिथंच राहिला. मी राक्षसाचं तोंड आहे, नुसतं तोंड. खाली धड नाही, हात नाहीत, पाय नाहीत. टीव्हीवर देव-दानवांची, पाताळाची, मायावी बाणांची एक अचाट मालिका लागायची. तिच्यातल्या सगळ्यात दुष्ट असुराचा मी मुखवटा.

सध्या माझा मुक्काम रंगूबाईच्या अंगणात आहे. बाजेवर उताणा पडलोय, तोंड आभाळाकडे. कपाळावर काळ्या शाईची मोठी सही आहे. ती कोणाची आणि तिथं कशी आली, तेच सांगायचंय. मधे बोलू नका.

माझा जन्म मुंबईत गोरेगावच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. आधी मातीचं तोंड केलं, त्यावर साचा, साच्यात फायबर. मग काळा-तांबडा रंग, शिंगं, काचेचे डोळे. डोळ्यांखाली माणसाला बाहेर बघायला दोन चिरा ठेवल्या. नाकपुड्या मात्र नुसत्या कोरल्या, आरपार पाडल्याच नाहीत. बाहेरून झकास दिसत होत्या ना, मग झालं! आत माणूस असणार, त्याला श्वास लागणार, हे त्या शेडमध्ये कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

माझी गोष्टही तशीच. काळदंष्ट्र सूर्य गिळतो आणि पाताळात जाऊन बसतो. मग अरुणध्वज नावाचा देवकुमार पाताळाची दारं फोडत येतो आणि सोन्याच्या बाणानं त्याला मारतो. कुठल्या पुराणात आहे हे? कुठल्याच नाही. एसी खोलीत बसून तीन लेखक उंटावरून शेळ्या हाकत होते, त्यांनीच हे पुराण रचलं. एक जण म्हणाला, राक्षसाला शेपूट द्या. दुसरा म्हणाला, बजेट नाही. शेपूट राहूनच गेलं.

काळदंष्ट्राचं काम एका नावाजलेल्या नटाकडे होतं. आवाज त्याचा, मालिकेच्या पाट्यांमध्ये नाव त्याचं. पण मला तोंडावर चढवायला तो राजी नव्हता. "स्किन खराब होते," म्हणे. स्टुडिओत थंड हवेत घालायला त्याच्यासाठी माझीच एक हलकी नक्कल केली होती. उन्हातान्हात पडायला मी, आणि माझ्या आत जो कोणी गरजू सापडेल तो.

तो सापडला वाशीम जिल्ह्यात. दिग्दर्शकाला पाताळ पाहिजे होतं. किन्हीराजाच्या अलीकडे एक बंद पडलेली दगडाची खदान आहे. काळा फत्तर, झाडाचं नाव नाही, आणि महिना मे. वऱ्हाडातल्या मे महिन्यात पाताळाचा सेट लावायची गरजच पडली नाही. असुरांची फौज म्हणून आसपासची माणसं रांगेत उभी केली, आणि त्यात सगळ्यांपेक्षा टीचभर उंच मारोतराव दिसला.

मारोतराव शेतकरी गडी, पण दंडारीत राक्षसाचं सोंग घेणारा. दंडार म्हणजे इकडचा गावातला नाच-नाटकाचा खेळ. त्याचा बाप राक्षस व्हायचा, बापामागं हा. मुखवटा घालता का म्हणून विचारलं तर लाजला, आणि मग मला दोन्ही हातांनी उचलून घेतलं. तोवर मला कोणी दोन हातांनी उचललं नव्हतं हो! सामान सांभाळणारा माणूस मला शिंगाला धरून पेटीत फेकायचा, गदा आणि चहाच्या थर्मासच्या मधे.

मारोतरावानं हात धुतले. माझ्या कपाळाला कुंकू लावलं, पुढं उदबत्ती लावली, आणि म्हणाला, "चुकभूल माफ करजा, महाराज." सगळं युनिट खो खो हसलं. एकानं व्हिडिओ काढला. मला काय वाटलं सांगू? पहिल्यांदा वाटलं की आपण कोणीतरी आहोत.

त्याचे कायदे होते. मला कधी पालथं ठेवायचं नाही. सोंग तोंडावर असलं की चकार शब्द बोलायचा नाही. आणि शेवटचा कायदा सगळ्यात मोठा. तो त्यानं वैजयंती नावाच्या सहायक दिग्दर्शिकेला आधीच सांगून ठेवला. ती पुण्याची, कानात यंत्र, हातात वॉकीटॉकी, सदानकदा पळत.

"म्याडम, एक आयकून घ्या," मारोतराव म्हणाला. "आमच्या दंडारीत राक्षस मेला का आपल्या मनानं उठत नाई. ज्यानं मारलं त्यानंच हात देऊन उठवा लागते. 'उठ गड्या, खेळ सरला' म्हना लागते. तवाच सोंग उतरते. नाई तं ते आंगावरच राह्यते, घरादाराले खाते. तुमच्या देवाले तेवढं सांगून ठेवा."

"हो हो, सांगते दादा," वैजयंती म्हणाली आणि पळाली.

शूटिंगवाल्यांचं 'हो हो' म्हणजे 'बाजूला व्हा'. मला ते ठाऊक होतं, माझं बालपणच तिथलं. मारोतराव पडला गावचा. गावात बाईनं 'हो' म्हटलं की तो शब्द झाला. त्यानं रात्री घरी बायकोला, रंगूबाईला, हौसेनं सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी ती सगळ्या शेजारणींना सांगत होती की टीव्हीतला देव आमच्या मालकाले हात देनार हाय.

आता तो देव. अरुणध्वज. गोरापान, दंड हे एवढे, आणि मुक्काम कायम व्हॅनमध्ये. बाहेर आला की डोक्यावर छत्री धरायला एक माणूस. त्याला मराठी कळायचं नाही, मारामारी यायची नाही, तीही दुसराच कोणी करायचा. लोक पाया पडत तेव्हा हात वर करायला मात्र छान जमायचं.

वधाचा दिवस आला. सोन्याचा बाण नव्हताच, तो नंतर कॉम्प्युटरवर घालायचा होता. हिरोनं रिकामे हात ताणले आणि सोडले. समोर मारोतरावही नव्हता, लोखंडी स्टँडला चिकटवलेली लाल चिकटपट्टी होती. देवानं चिकटपट्टी मारली आणि व्हॅनमध्ये जाऊन बसला. मारोतरावाचा मरायचा शॉट त्यानंतर, ऐन दुपारी.

अंगात फोमचा जाड पोशाख, तोंडावर मी. तो असा कोसळला की माझा डावा सुळा तुटला. "कट! कमाल!" दिग्दर्शक ओरडला. "लंच!"

सगळे जेवायला पांगले. मारोतराव उठला नाही.

वैजयंती आली. "दादा, झालं, उठा." त्यानं बोट हलवून नाही म्हटलं. सोंगात बोलायचं नाही ना! बोटानंच व्हॅन दाखवली. तिला वाटलं, याला हिरोबरोबर फोटो पाहिजे. "हो हो, नंतर भेटवते," म्हणाली आणि गेली.

मी त्याच्या तोंडावर होतो. त्याचा श्वास माझ्या आत फिरत होता आणि परत त्याच्याच तोंडात जात होता. फत्तर खालून भाजत होता, सूर्य वरून. ज्या सूर्याला मी गिळलं म्हणतात, तोच. घाम गळ्यापर्यंत साचला, मग घाम यायचाच थांबला. माणसा, ऊठ की! काय मेला तो कायदा! पण तो बापाच्या शब्दाला धरून पडला होता, आणि बाईच्या 'हो'ला.

तेवढ्यात जेवणाच्या तंबूतून दिग्दर्शकाची नजर गेली. "अरे, तो अजून पडलाय तसाच. ड्रोन उडवा, वरून एक शॉट घ्या. काय पडलाय! एकदम नॅचरल." ड्रोन घोंगावत आला, आमच्यावर फिरला आणि गेला.

मग रंगूबाई आली. भाकर-ठेच्याची दुरडी आणि पाण्याचा गडवा घेऊन. नवरा पडलेला, देव गायब. तिनं गडव्यातलं पाणी त्याच्या छातीवर ओतलं. मला मात्र हात लावला नाही, कारण तीही दंडारवाल्याचीच बायको. मारणाऱ्याच्या हाताआधी सोंग काढलं तर काय होतं, हे ती लग्न होऊन आली तेव्हापासून ऐकत होती. तशीच व्हॅनकडे धावली.

मारोतरावाची मान व्हॅनकडेच कललेली होती, म्हणून काय झालं ते मला तिथून, चिरांमधून दिसत होतं. तिनं दार बडवलं. "साहेब, बाहीर या वो! त्याईले हात द्या! मरून राह्यला माह्या मानूस!"

दार उघडलं. हिरोनं बघितलं, एक बाई रडतेय, हात जोडलेत. अशा बाया त्याला रोज भेटायच्या. तो पायरीवर आला, डोळे मिटले आणि आपला उजवा हात तिच्या डोक्यावर ठेवला. कोणीतरी फोटो काढला. मग हात काढून घेतला आणि दार लावलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हे.

रंगूबाई परत आली ती वेड्यासारखी. गुडघ्यावर बसली, माझी शिंगं धरली आणि मला ओरबाडून काढलं. मारोतरावाचं तोंड लालभडक आणि कोरडं ठाक पडलं होतं. डोळे उघडले त्यानं. ओठ हलले.

"काहून काढलं वो," तो म्हणाला. "तो येतच होता."

जीपमध्ये घातला तेव्हा गेलेलाच होता.

कंपनीनं हळहळ व्यक्त केली. ऊन लागलं म्हणाले, आणि ते खरंच होतं. शूटिंग आटोपून गाड्या गेल्या, मी खदानीत तसाच राहिलो. मुंबईला माझी नक्कल होती, मला कोण विचारतो! लखन, मारोतरावाचा धाकटा भाऊ, मला घरी घेऊन आला. "फेकू का?" म्हणाला. रंगूबाईनं मला त्याच्या हातून घेतलं आणि नवऱ्याच्या बाजेवर उताणं ठेवलं.

वधाचा भाग टीव्हीवर लागला तेव्हा सगळं गाव तिच्या घरात बसलं होतं. ड्रोनमधून घेतलेला शॉट आला, सावकाश, मागं बासरी लावलेली. काळा फत्तर, त्यावर पडलेला असुर. छाती खालीवर होतेय, दर वेळी जरा कमी. "बाप्पा!" शेजारची लिलाबाई म्हणाली आणि पदर तोंडात कोंबला. त्यानंतर काय दाखवलं माहीत आहे? अरुणध्वज चालत आला, खाली वाकला, आणि त्यानं काळदंष्ट्राला हात दिला. "उठ मित्रा, खेळ संपला," असं हिंदीत म्हणाला. राक्षस उठला, हसला, आणि उजेड होऊन आकाशात गेला.

वैजयंतीनं खरंच सांगितलं होतं हो, पण देवाला नाही, दिग्दर्शकाला! त्याला कल्पना फार आवडली. तो शॉट नंतर मुंबईत स्टुडिओत घेतला, थंड हवेत, माझ्या नकलेवर आणि त्या नावाजलेल्या नटावर. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. रंगूबाई टीव्हीजवळ गेली आणि त्या उठलेल्या राक्षसाला बोट लावून म्हणाली, "हे ते नव्हत. हे दुसरंच कोनी होय."

मग कळलं, हिरो वाशीमला येतोय, कापडाच्या दुकानाचं उद्घाटन करायला. रंगूबाईनं मला पोत्यात घातलं आणि लखनला घेऊन निघाली. नवऱ्याचा जीव त्या सोंगातच अडकलाय, त्या एका हातानं सुटेल, एवढंच तिच्या डोक्यात. दुकानासमोर ही गर्दी. सगळे हात पुढं करून ओरडत होते आणि हिरो एकेकाचा हात हातात घेत चालला होता. रंगूबाई पोलिसाच्या बगलेखालून पुढं घुसली आणि मला दोन्ही हातांनी उंच धरलं.

"साहेब, हात द्या! याले हात द्या!"

"अरे! काळदंष्ट्र!" हिरो खूश झाला. त्यानं कोणाकडून तरी काळा पेन घेतला, माझ्या कपाळावर, मारोतराव कुंकू लावायचा तिथंच, झोकात सही केली, आणि पुढं सरकला. रंगूबाईच्या शेजारच्या माणसाचा हात हातात घेतला. त्याच्या शेजारच्याचाही घेतला. तिचे दोन्ही हात मला धरण्यात गुंतले होते.

परत येताना काळीपिवळी जीपगाडीत कोणीतरी म्हणालं, नशीबवान आहेस बाई, सही मिळाली.

ती सही पक्क्या शाईची आहे. रंगूबाई रोज सकाळी ओल्या फडक्यानं माझं तोंड पुसते, ती जात नाही. पुसता पुसता बोलते. "मीच काढलं ना जी तुमच्या तोंडावरून. दोन घटका थांबली असती तं आला असता तो. मीच मारलं तुमाले."

बाई गं, नाही! माझ्या नाकपुड्या बंद होत्या. तू काढलंस म्हणून त्याला शेवटचा श्वास तरी मोकळा मिळाला. मी रोज सांगतो. पण माझा आवाज मुंबईत दुसऱ्याच माणसाच्या गळ्यात आहे, तिला ऐकू जात नाही.

तुम्हाला जातोय ना? मग या एकदा. किन्हीराजाच्या अलीकडे खदानीपाशी उतरा, मारोतरावाचं घर कोणीही दाखवेल. ती तुम्हाला बाजेपाशी आणेल, आणि मला हात द्या म्हणेल. माझं काय, फायबर आहे मी, पडून राहीन. तुम्ही हात तिला द्या. आणि म्हणा, "उठ बाई, खेळ सरला."